हॅकेथॉन दोन दिवसांचं, साथ तीन महिन्यांची

साथ पसरायला लागली की खाटा, औषधं, गाड्या आणि माणसं कमी पडतात हे सगळ्यांना दिसतं. माहितीचा तुटवडा तितका डोळ्यांवर येत नाही. कुठल्या मोहल्ल्यात ताप वाढतोय, कुठल्या दवाखान्यात आज तपासणी होते, फवारणीची गाडी कुठे जाऊन आली आणि कुठे राहिली, हे कोणाला तरी ठाऊक असतंच. ज्याला ते त्या घडीला हवं असतं त्याच्यापर्यंत मात्र ते पोचत नाही. अशा वेळी प्रोग्रामर, डॉक्टर, विद्यार्थी, आशा कार्यकर्त्या, निगमचे म्हणजे महापालिकेचे कर्मचारी असे एरवी एकमेकांना न भेटणारे लोक दोन-तीन दिवस एकत्र बसतात, गट पाडतात आणि चालण्याजोगं एखादं डिजिटल साधन उभं करतात. यालाच नागरिकांचं हॅकेथॉन म्हणतात.

इंदुरात अशा कामाला माणसांची वाण नाही. एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि देवी अहिल्या विद्यापीठात प्रोग्राम लिहिणारी मुलं आहेत, सिमरोलला आयआयटी आहे, राऊला आयआयएम आहे आणि एमजीएम मेडिकल कॉलेजात सामुदायिक वैद्यकशास्त्राचा विभाग आहे. तरीही बहुतेक हॅकेथॉनमधली साधनं महिनाभरात बंद पडतात, आणि हे जगभर होतं. साधन बनवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. सोमवारपासून त्यात माहिती कोण भरणार आणि ती वाचून हालचाल कोण करणार, हे आधीच्या शुक्रवारपर्यंत ठरलेलं नसतं, तिथे घोडं अडतं.

2020 मध्ये काय झालं

एस्टोनियात 12 मार्च 2020 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्याच संध्याकाळी 48 तासांचं ऑनलाइन हॅकेथॉन सुरू झालं. हजाराहून जास्त लोक त्यात उतरले. तिथून निघालेल्या कामांपैकी एक साधन स्वयंसेवक आणि एकटे राहणारे वृद्ध यांची गाठ घालून देत होतं. त्यातली चांगली गोष्ट अशी की वृद्धांना ॲप वापरावं लागत नव्हतं. ते फोन करत, फोन घेणारा माणूस काम नोंदवी आणि जवळचा स्वयंसेवक ते उचली. कामं वाटून देणारी मूळ प्रणाली आधीपासून तयार होती, दोन दिवसांत ती फक्त या कामाकडे वळवली गेली.

पाठोपाठ 20 ते 22 मार्चला जर्मनीत 28 हजारांवर लोक बसले आणि 1500 च्या वर कल्पना तयार झाल्या. एप्रिलच्या शेवटी युरोपीय संघाच्या हॅकेथॉनमध्ये 20 हजारांहून जास्त लोक होते, कल्पना 2000 च्या वर. आपल्याकडेही मार्च-एप्रिलमध्ये तंत्रशिक्षण परिषदेपासून माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयापर्यंत अनेकांनी असे उपक्रम केले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ते कल्पनांचे आहेत. जर्मनीने हे ओळखून शंभराहून जास्त गटांना पुढचे काही महिने मदत मिळेल अशी सोय केली. हॅकेथॉन भरवणाऱ्याने मोठ्या आकड्यापेक्षा या पाठपुराव्याचं अनुकरण करावं.

जी साधनं खरंच लाखो लोकांनी वापरली, त्यांच्याकडे पाहिलं तर एक धागा दिसतो. तैवानमध्ये 6 फेब्रुवारी 2020 पासून आरोग्य विम्याच्या कार्डावर मास्क रेशनसारखे मिळू लागले. 6000 हून जास्त औषधांच्या दुकानांत किती मास्क उरलेत याची आकडेवारी सरकारने खुली केली आणि ती सतत ताजी ठेवली. नागरिकांनी तिच्यावर नकाशे, चॅटबॉट, आवाजावर चालणारी साधनं अशी डझनावारी रूपं बांधली. टोकियोत 4 मार्च 2020 ला सुरू झालेलं कोविडचं संकेतस्थळ खुल्या कोडवर होतं, म्हणून जपानच्या इतर प्रांतांतल्या लोकांनी ते उचलून आपापल्या आकड्यांसह उभं केलं. भारतात कोविड19इंडिया या संकेतस्थळाचे स्वयंसेवक राज्यांची बुलेटिनं रोज वाचून आकडे भरत राहिले, थेट 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत. तिन्ही ठिकाणी माहितीचा झरा कुठून येतो हे पक्कं होतं आणि तो रोज वाहता ठेवणारं कोणीतरी होतं.

तैवानच्या नकाशातली एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कित्येक दुकानदार सकाळीच क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटून टाकत आणि मास्क नंतर देत. नकाशावर साठा शिल्लक दिसे, लोक धावत येत आणि दुकानदारावर चिडत. आकडा बरोबर होता, पण दुकानातली कामाची पद्धत नकाशाला माहीत नव्हती.

प्रश्न निवडताना

इंदूरसाठी नमुना म्हणून डेंग्यू घेऊ. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून उपसून शहरात येतं आणि बहुतेक भागांत नळ एक दिवसाआड येतात. त्यामुळे घरोघरी टाक्या, ड्रम, हौद भरून ठेवलेले असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. हा डास सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. चावल्यावर माणसाला ताप यायला 4 ते 10 दिवस लागतात.

या चार आकड्यांवरून साधन कसं हवं ते ठरतं. आज ताप आलेला माणूस आठवडाभरापूर्वी चावला गेलाय, म्हणजे त्या घराच्या आसपास अळ्यांची पुढची पिढी आत्ता पाण्यात आहे. खबर मिळाल्यापासून दोन-तीन दिवसांत त्या घराभोवतीच्या दीडशे-दोनशे मीटरमधली भांडी तपासली गेली तर काही उपयोग आहे. पंधरा दिवसांनी छापून येणारा सुंदर अहवाल इथे निरुपयोगी ठरतो. तेव्हा हॅकेथॉनसमोर ठेवायचा प्रश्न ‘डेंग्यूवर ॲप बनवा’ इतका ढगळ नको. तो असा हवा: ‘तापाची खबर मिळाल्यापासून 48 तासांच्या आत त्या भागाच्या अळी-तपासणी पथकाला पत्ता पोचला पाहिजे, आणि तपासणी झाली की नाही हे खबर देणाऱ्याला कळलं पाहिजे.’

असे प्रश्न तीन आठवडे आधी जिल्हा मलेरिया कार्यालय, निगमचा आरोग्य विभाग आणि दोन-तीन आशा कार्यकर्त्यांशी बोलून लिहून काढावेत. प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळी असाव्यात: आज हे काम कसं होतं, कुठे अडतं, कोणती माहिती आत्ता उपलब्ध आहे आणि साधन तयार झालं तर ते कोण वापरेल. चौथ्या ओळीत माणसाचं पद आणि त्याची संमती नसेल तर तो प्रश्न यादीतून काढावा. हे कठोर वाटेल, पण मुलांचे दोन दिवस आणि दोन रात्री वाया जाण्यापेक्षा बरं.

आधीपासून असलेल्या वाटा सोडू नयेत. इंदुरात नागरिकांच्या तक्रारींसाठी 311 ॲप आहे, आजारांच्या सरकारी नोंदींसाठी एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा आहे. तिथे लक्षणांवरून, डॉक्टरच्या अंदाजावरून आणि प्रयोगशाळेतून अशा तीन थरांच्या नोंदी जातात. त्यांना समांतर असं तिसरं दुकान उघडलं तर कर्मचाऱ्याला एकच माहिती तीनदा भरावी लागते, आणि तो पहिलं काय सोडतो तर आपलं साधन.

मात्र दोन खात्यांच्या मधल्या फटीत हॅकेथॉन खरंच काम करून दाखवू शकतं. 2025 च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत दूषित पाण्याने कितीतरी लोक आजारी पडले आणि काहींचे प्राण गेले. नळाला वास येतो, पाणी गढूळ आहे ही तक्रार पाणीपुरवठ्याकडे जाते आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण दवाखान्याच्या वहीत नोंदले जातात. एकाच मोहल्ल्यातून तीन दिवसांत दोन्ही प्रकारच्या नोंदी वाढल्या तर इशारा देणारं साधं पान बनवायला मोठं तंत्रज्ञान लागत नाही. दोन याद्या, एक समान मोहल्ल्याचं नाव आणि रोज सकाळी चालणारी एक तुलना पुरते. सगळं अवघड काम त्या ‘समान मोहल्ल्याच्या नावा’त आहे.

पाच रकान्यांचा फॉर्म

नवशिका गट पहिल्या दिवशी पंचवीस रकान्यांचा फॉर्म बनवतो. दारात उभं राहून, उन्हात, स्वस्त फोनवर तो भरायला सहा-सात मिनिटं लागतात आणि तिसऱ्या घरापासून आशा कार्यकर्ती अर्धे रकाने रिकामे सोडते. पाच रकाने पुरेत: मोहल्ला, जवळची खूण, घरात किती जणांना ताप आहे, ताप कधीपासून, आणि परत संपर्कासाठी मोबाइल. रक्ततपासणी झाली का, हा सहावा रकाना ऐच्छिक ठेवावा.

मोहल्ल्याचं नाव टाइप करू द्यायचं नाही. ‘राजेंद्रनगर’ हिंदी, मराठी आणि रोमन लिपी मिळून सहज आठ-दहा प्रकारे लिहिलं जातं. मध्ये जागा सोडून, जागा न सोडता, ‘आर नगर’ असं तोडून. संगणकाला ते आठ वेगळे मोहल्ले वाटतात आणि साथीचा गठ्ठा आठ तुकड्यांत विखुरतो. म्हणून निवडायची यादी द्यावी. लोकांना वॉर्डचा क्रमांक सहसा माहीत नसतो, मोहल्ला आणि बाखल म्हणजे गल्लीतली वस्ती माहीत असते. तेव्हा लोकांनी मोहल्ला निवडावा आणि 85 वॉर्डांपैकी कोणता ते आतल्या तक्त्याने ठरवावं. ज्या रस्त्याची एक बाजू एका वॉर्डात आणि दुसरी दुसऱ्यात आहे, तिथे तक्ता चुकेल. असल्या नोंदी निगमच्या झोन कार्यालयातल्या माणसाला एका बोटात हलवता आल्या पाहिजेत. हा तक्ता हॅकेथॉनच्या आधी, जुन्या कर्मचाऱ्यांना बसवून तयार करावा. दोन दिवसांत तो करायला गेलात तर दुसरं काही होणार नाही.

‘घरात किती जणांना ताप’ हा आकडाच का विचारायचा, यामागे कारण आहे. एका मोबाइल क्रमांकावरून पाच नोंदी आल्या तर प्रोग्रामर त्यांना दुबार समजून चार काढून टाकतो. पण कित्येक घरांत एकच फोन असतो, आणि त्या पाच नोंदी म्हणजे एकाच छपराखालचे पाच तापाचे रुग्ण असू शकतात. नेमकी तीच नोंद सगळ्यांत महत्त्वाची. म्हणून नोंद घराची घ्यावी, जणांचा आकडा त्यात असावा, आणि त्याच क्रमांकावरून सात दिवसांत पुन्हा नोंद आली तर जुनी न पुसता तिला जोडावी.

फोनवरचा जीपीएस मोकळ्या जागी पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर सांगतो, राजवाड्यामागच्या अरुंद गल्ल्यांत तो कितीतरी जास्त भरकटतो. म्हणून ‘जवळची खूण’ हा रकाना ठेवायचा. पथक शेवटी ‘दत्तमंदिरासमोरची पिवळी इमारत’ यावरच घर शोधतं.

नेट गेलं की फॉर्म भरलेला हरवू नये, ही मूलभूत अट आहे. ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स यांसारखी मोफत साधनं नेट नसताना नोंद फोनमध्ये ठेवतात आणि नेट आलं की पाठवतात. क्षेत्रभेटीच्या फॉर्मसाठी नवं ॲप लिहायला बसण्याआधी ती वापरून बघावीत. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं आणि वाचलेला वेळ यादी जुळवायला मिळतो.

एसएमएस पाठवायची कल्पना प्रत्येक हॅकेथॉनमध्ये येते आणि रविवारी दुपारी कोसळते. भारतात घाऊक एसएमएससाठी संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मसुद्याची मोबाइल कंपन्यांकडे नोंदणी (तिला डीएलटी म्हणतात) आधी लागते. ती नसेल तर मोबाइल कंपनी संदेश अडवते. शिवाय देवनागरी एसएमएस 160 नव्हे, 70 अक्षरांचा असतो, आणि लांबला तर प्रत्येक तुकड्यात 67 अक्षरं मावतात व पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेलाही संस्थेची पडताळणी आणि संदेशांना मंजुरी हवी. हे दोन्ही मार्ग वापरायचे असतील तर अर्ज महिनाभर आधी, निगमच्या किंवा महाविद्यालयाच्या नावाने करून ठेवावेत. नाहीतर मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करतो, ही जुनी पद्धत आजही सगळ्यांत कमी अडखळते. रामबागेतल्या ऐंशीच्या आजींनाही ती जमते.

शिळी माहिती

2021 च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन, खाटा, रेमडेसिव्हिरच्या याद्या फोनाफोनी फिरत होत्या. त्यातले बहुतेक क्रमांक खोटे नव्हते, संपलेले होते. सकाळी नऊला एका पुरवठादाराकडे दहा सिलिंडर होते, नऊ-तीसला संपले, आणि यादी रात्रीपर्यंत फिरत राहिली. त्या माणसाला दिवसभरात शेकडो फोन आले आणि त्याने फोन बंद ठेवला. मग पुढचा साठा आल्यावरही तो कोणाला कळला नाही.

याला उपाय दोन. पहिला, प्रत्येक नोंदीला ‘शेवटी तपासलं’ ही वेळ आणि मुदत हवी. खाटेची माहिती अर्ध्या तासात शिळी होते, सिलिंडरची तासा-दोन तासांत, दवाखान्याच्या वेळांची आठवड्यात. मुदत संपली की नोंद आपोआप दिसेनाशी झाली पाहिजे. करड्या रंगात ठेवून उपयोग नाही, घाबरलेला माणूस रंग बघत नाही. दुसरा उपाय म्हणजे सगळ्यांना एकच क्रमांक न देता मागण्या एका ठिकाणी घ्याव्यात आणि स्वयंसेवकाने फोन करून मिळालेली जागा एकाच कुटुंबाला कळवावी. यासाठी माणसं लागतात. एक फोन लावून, बोलून, नोंद करायला पाच मिनिटं धरली तर एक स्वयंसेवक तासाला बारा क्रमांक तपासतो, त्यातले निम्मे लागतही नाहीत. शंभर क्रमांकांची यादी दर दोन तासांनी ताजी ठेवायची तर एका वेळी चार-पाच जण बसलेच पाहिजेत, आणि त्यांच्या पाळ्या लागल्या पाहिजेत. कोडची एकही ओळ लिहिण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

लसीच्या वेळी दुसरीच गोष्ट दिसली. 28 एप्रिल 2021 ला 18 ते 44 वयाची नोंदणी खुली झाली. कोविन या सरकारी लस-नोंदणीच्या संकेतस्थळाने लशीच्या जागांची माहिती बाहेरच्या साधनांना वाचता येईल अशी ठेवली होती, आणि हौशी प्रोग्रामरांनी काही दिवसांत जागा उघडली की फोनवर इशारा देणारी साधनं बनवली. ती उत्तम चालली. परिणाम असा की ज्याच्याकडे स्मार्टफोन, नेट आणि चपळ बोटं होती त्यानेच जागा घेतल्या. शहरातले लोक गावातल्या केंद्रांवर लस घेऊन आले आणि गावकरी बाहेर उभे राहिले. पुढे बाहेरच्या साधनांना मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी ठेवण्यात आली, एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्यांची मर्यादा होती, आणि 24 मे पासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा आली. साधन बिनचूक चालूनही कोणाच्या वाट्याचं काढून घेतं का, हा प्रश्न परीक्षकांनी प्रत्येक गटाला विचारावा.

कोणाचं घर कळू नये म्हणून

तापाच्या नोंदींचा नकाशा सगळ्यांसाठी खुला करावासा वाटतो. इंदूरचा मध्य साधारण 22.7196 अक्षांशावर आहे. दशांशानंतरचे चार अंक ठेवले तर बिंदू अकरा मीटरपर्यंत अचूक, म्हणजे घर कळतं. तीन ठेवले तर सुमारे 110 मीटर, म्हणजे गल्ली. दोन ठेवले तर किलोमीटरभर, म्हणजे मोहल्ला. पथकाला चार अंक द्या, लोकांना दोनच. आणि वॉर्डात पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर आकडा न छापता ‘5 पेक्षा कमी’ असं लिहा. 2020 च्या वसंतात कोविडच्या सुरुवातीला टाटपट्टी बाखल या इंदूरच्या वस्तीचं नाव देशभर झालं, आणि एखाद्या वस्तीवर बोट ठेवलं गेलं की तिथले लोक दार उघडेनासे होतात हे इंदूरला वेगळं सांगायला नको. दार उघडलं नाही तर सर्वेक्षणच थांबतं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती, हेतू आणि माहिती पुसणं या गोष्टी बंधनकारक केल्या, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. गटाने फॉर्मच्या वरच तीन वाक्यं लिहावीत: माहिती कशासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार. आधार क्रमांक मागू नये, कारण या कामाला तो लागत नाही. गटाच्या सरावासाठी खऱ्या रुग्णांची यादी कोणाच्याही लॅपटॉपवर जाता कामा नये. बनावट नावांच्या दोनशे नोंदी आयोजकांनीच तयार करून द्याव्यात, आणि त्यात मुद्दाम चुकीच्या तारखा, दुबार क्रमांक, रिकामे रकाने पेरावेत.

आजाराचं निदान करणारं साधन मात्र हॅकेथॉनमध्ये बनवू नये. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, धोका वाढू शकतो. ‘ताप गेला, तुम्ही बरे आहात’ असं सांगणारा चॅटबॉट जीव घेईल. त्यापेक्षा डॉक्टरने तपासून दिलेलं एक साधं पान बरं: पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गुंगी किंवा अस्वस्थता दिसली तर ताबडतोब रुग्णालय, आणि तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. नोंदींमध्येही ‘संशयित’ आणि ‘पक्का’ हे वेगळे ठेवावेत. सरकारी मोजणीत प्रयोगशाळेतली एलायझा पद्धतीची रक्ततपासणी धरली जाते, झटपट किटवरचा निकाल तेवढा पुरत नाही.

दोन दिवसांचं वेळापत्रक आणि जागा

साठ माणसं, दहा गट. प्रत्येक गटात दोन प्रोग्रामर, एक आरोग्याचं जाणणारा, एक त्या भागात काम करणारा, एक लिहिणारा-चित्र काढणारा आणि एक हिशेब व पाठपुरावा सांभाळणारा. सगळे प्रोग्रामर असलेला गट सगळ्यांत वेगाने चुकीची गोष्ट बनवतो.

शुक्रवारी संध्याकाळी प्रश्न मांडावेत, प्रत्येकी तीन मिनिटं. शनिवारी दुपारी एकपर्यंत लॅपटॉप मिटलेले, फक्त कागदावर फोनच्या पडद्यांची चित्रं काढायची. संध्याकाळी चारला एका फोनवर फॉर्म भरला जाऊन दुसरीकडे दिसला पाहिजे, कितीही ओबडधोबड असो. पाच वाजता दोघांनी जवळच्या मोहल्ल्यात वीस घरी जाऊन तो भरून पाहावा. ही फेरी टाळणारा गट रविवारी सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत निरुपयोगी काहीतरी दाखवतो. रविवारी सकाळी दुरुस्त्या, दुपारी एकला कोड बंद. शेवटच्या दोन तासांत केलेली ‘छोटीशी सुधारणा’ सादरीकरण पाडते.

घरगुती वायफाय राउटरवर तीस-चाळीस उपकरणं चढली की तो दम टाकतो. साठ माणसांचे फोन आणि लॅपटॉप मिळून सव्वाशे उपकरणं होतात, तेव्हा वायफाय पुरवणारे तीन-चार ॲक्सेस पॉइंट हवेत. सहा अँपिअरच्या प्लगवर साधारण 1300 वॉट चालतात. 65 वॉटचे दहा चार्जर निवांत बसतात, पण त्याच बोर्डावर कोणी चहाची विजेची किटली लावली की अख्ख्या टेबलाची वीज जाते.

नकाशांचं बिल ही जुनीच फजिती आहे. तैवानमधला पहिला मास्कचा नकाशा गूगलच्या नकाशावर बांधला होता, तो इतक्या लोकांनी उघडला की लाखो तैवानी डॉलरचं बिल साठलं. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे मोफत आहेत, पण त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात आणि भरमसाट वापर अडवला जातो. एका भेटीत नकाशाचे पंचवीस तुकडे उतरले तर पन्नास हजार भेटींत साडेबारा लाख होतात. इंदूरपुरतं बोलायचं तर 85 वॉर्डांच्या सोप्या केलेल्या सीमा एका लहान फाइलमध्ये मावतात, त्यांत रंग भरा, मागचा नकाशा लागतच नाही. आकडेही प्रत्येक भेटीला डेटाबेसमधून न काढता दर पाच मिनिटांनी एक फाइल तयार करून ठेवावी. शंभर केबीचं पान पन्नास हजारांनी पाहिलं तरी पाच जीबीच होतात, आणि सर्व्हर कोसळत नाही.

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास टाकू नये. इंग्लंडमध्ये 2020 च्या सप्टेंबरअखेर 15,841 बाधितांच्या नोंदी गळून पडल्या, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्यामुळे त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत फोन गेले नाहीत. आपल्याकडे रोजचे त्रास छोटे असतात: मोबाइल क्रमांकाचं 9.8E+09 होतं, 03-07 चा तीन जुलै की सात मार्च हे कळत नाही. क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, आणि आलेल्या व साठवलेल्या ओळींची संख्या रोज ताडून पाहा.

रविवारी संध्याकाळनंतर

परीक्षकांनी शंभरपैकी तीस गुण माहिती कुठून येणार आणि साधनाचा धनी कोण याला द्यावेत, पंचवीस प्रत्यक्ष घरी जाऊन केलेल्या चाचणीला, वीस गोपनीयतेला, पंधरा महिन्याच्या खर्चाला आणि उरलेले दहा दिसण्याला. सादरीकरण गटाच्या लॅपटॉपवर घेऊ नये. परीक्षकांपैकी एक आशा कार्यकर्ती असावी, तिच्या स्वतःच्या फोनवर, नेट बंद करून नोंद भरायला सांगावी.

बक्षिसाची रक्कम एकदम देऊ नये. एक तृतीयांश रविवारी, एक तृतीयांश तीस दिवस साधन चाललं तर, उरलेली नव्वदाव्या दिवशी. हस्तांतराचं एक पान लिहून घ्यावं: सर्व्हर कोणाच्या नावावर, डोमेन कधी संपतं, पासवर्ड कोणत्या दोघांकडे, नोंदींची प्रत रोज कुठे जाते, बिघडलं तर कोणाला फोन. विद्यार्थ्याच्या खाजगी खात्यावर ठेवलेलं संकेतस्थळ परीक्षा आली की बंद पडतं. कोड खुल्या परवान्याने ठेवला तर ग्वाल्हेर-वडोदऱ्याच्या गटांना मोहल्ल्यांची यादी बदलून तेच वापरता येईल.

डेंग्यूचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो, गणपती त्याच दिवसांत येतात. इंदूरच्या मराठी गणेश मंडळांकडे प्रत्येक मोहल्ल्यात घर न घर माहीत असलेली पोरं तयार असतात. मलेरिया विभागाच्या माणसाने त्यांना अळी कशी ओळखायची हे तासाभरात दाखवलं तर आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करण्याची फेरी आणि पाच रकान्यांचा फॉर्म ते सांभाळू शकतात. शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा आकडा दर आठवड्याला घेतला की साधनाचा उपयोग होतोय का ते कळतं. तो खाली येत नसेल तर ॲपवर कितीही नोंदी आल्या तरी काम होत नाहीये असं समजावं.

साथ ओसरली की साधन रीतसर बंद करावं. फॉर्म आधी बंद, मग उरलेल्या प्रत्येक उघड्या नोंदीचा निकाल लावायचा, मोबाइल क्रमांक आणि खुणा पुसायच्या, वॉर्डनिहाय साप्ताहिक आकडे पुढच्या वर्षीसाठी ठेवायचे. पान काढून न टाकता तिथे ‘ही सेवा अमुक तारखेला बंद झाली, तक्रारीसाठी 311 वर नोंद करा’ असं लिहून वर्षभर तसंच राहू द्यावं, कारण लोकांच्या फोनमध्ये जुना दुवा तोवर फिरत राहतो.